लांब व दाट केसांचा अंबाडा

लांब केस एकत्र गोळा करून, त्यांना पीळ देऊन किंवा त्यांची वेणी घालून डोक्याच्या मागे अथवा वर गोल गुंडाळायचे आणि ते वेटोळे पिनांनी पक्के करायचे, या केशरचनेला अंबाडा म्हणतात. खांद्याखाली थोडेसेच उतरलेल्या विरळ केसांचा अंबाडा दोन-चार पिनांवर दिवसभर राहतो. केस कमरेपर्यंत पोचलेले आणि मुठीत न मावणारे असले, की तोच अंबाडा तासाभरात मानेवर ओघळतो, एका अंगाला कलतो, नाहीतर शेंडे बाहेर पडून उकलत जातो. मग आणखी पिना खोचल्या जातात, रबर आणखी घट्ट केले जाते. हे दोन्ही उपाय फार वेळ पुरत नाहीत. दाट केसांचा अंबाडा टिकतो तो वेढ्यांच्या जोरावर. पिनेचे काम एवढेच, की नीट बसलेला वेढा डोक्यालगतच्या केसांशी जोडून ठेवायचा. हे जोडकाम जमले की मोजक्या आकड्यांवरही, म्हणजे यू आकाराच्या लांब पिनांवरही, जड अंबाडा हलत नाही.

केसांचा भार आणि ताठपणा

केस दाट असण्याची कारणे दोन : डोक्यावर केसांची संख्या जास्त असणे, किंवा एकेक केस जाड असणे. काहींच्या बाबतीत दोन्ही खरे असते. अंबाड्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींचा त्रास वेगळा. संख्या जास्त असेल तर वजन वाढते. केस जाड असतील तर ते वाकायला नाखूश असतात. गोल काडी वाकवायला लागणारा जोर तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. म्हणजे इतर सर्व गोष्टी समान असताना ०.१ मिमी जाडीचा केस ०.०५ मिमीच्या केसापेक्षा सोळा पट ताठ असतो. असा केस गुंडाळला तरी सरळ व्हायला बघतो आणि पिनेला आतून सतत बाहेर लोटतो. पोनीटेल बांधल्यावर रबराजवळ तिचा घेर १० सेंमीच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरला, तर पुढे दिलेल्या बहुतेक सूचना लागू पडतात.

वजनाचा अंदाज साध्या गणिताने येतो. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. केसाचा व्यास ०.०७ मिमी आणि घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १.३ ग्रॅम धरली, तर एक मीटर लांबीच्या एक लाख केसांचे वजन अर्ध्या किलोच्या जवळ जाते. प्रत्यक्षात भार यापेक्षा बराच कमी असतो, कारण सगळे केस टोकापर्यंत पोचलेले नसतात. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो, त्याच्या वाढीचा काळ दोन ते सात वर्षांचा असतो आणि मग तो गळून त्या जागी नवा येतो. त्यामुळे लांब केसांतही नेहमीच निरनिराळ्या वयाचे, म्हणजे निरनिराळ्या लांबीचे केस असतात. अंबाड्यातून डोकावणारी बारीक टोके यातूनच येतात. ती बांधणाऱ्याच्या हाताचा दोष नव्हे.

वेढा कसा धरतो

केसाच्या बाहेरच्या थरावर एकमेकांवर चढलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची मोकळी कड शेंड्याकडे असते. म्हणून मुळापासून शेंड्याकडे बोट फिरवले तर केस गुळगुळीत लागतो, उलट फिरवले तर किंचित खरखरीत. केस एकमेकांवर दाबले गेले की हेच घर्षण त्यांना जागेवर धरते. पीळ दिल्याने दाब वाढतो, गुंडाळल्याने आणखी वाढतो.

गुंडाळण्याचा परिणाम किती मोठा असतो, हे गणितज्ञ ऑयलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रावरून कळते. खांबाला दोराचे दोन-तीन वेढे दिले की दुसऱ्या टोकाला प्रचंड ओढ असली तरी हलक्या हाताने दोर धरून ठेवता येतो, हिशेब तोच. घर्षणांक, म्हणजे दोन पृष्ठभागांतले घर्षण किती हे दाखवणारी संख्या, ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्यानंतर धरून ठेवण्याची ताकद साडेसहा पटीने वाढते आणि दोन वेढ्यांनंतर चाळीस पटीहून जास्त. केसांत हे आकडे तंतोतंत लागू होणार नाहीत, कारण केसांचा गाभा खांबासारखा कठीण नसतो. पण दिशा स्पष्ट आहे : मुळाशी नीट बसलेला एक जादा वेढा पिनांच्या पुडक्यापेक्षा जास्त उपयोगी. लांबी ही अडचण वाटते, वेढे देताना मात्र तीच कामी येते.

याला एक अट आहे. वेढा मुळाशी, डोक्याला चिकटून बसला पाहिजे. एकावर एक वेढे चढवत अंबाडा बाहेरच्या बाजूला उंच केला, तर त्याचे वजन डोक्यापासून दूर जाते आणि तरफेच्या नियमाने मुळावरची ओढ वाढते. असा अंबाडा दिसायला डौलदार असला तरी चालताना झुलतो, आणि झुलता झुलता सैल होतो. दाट केसांत पसरट अंबाडाच टिकतो. प्रत्येक नवा वेढा आधीच्या वेढ्याच्या बाहेरून, पण त्याच्या खाली सरकवून, त्वचेलगत आणायचा.

बांधणी

केस कोणत्या अवस्थेत आहेत यावर निम्मे काम ठरते. नुकतेच धुऊन कंडिशनर लावलेले केस सर्वांत निसरडे असतात, कारण कंडिशनरचे कामच घर्षण कमी करणे हे आहे. धुतल्यानंतर एक-दोन दिवसांनी अंबाडा जास्त चांगला बसतो. जाड, ताठ केसांवर बांधण्यापूर्वी ओलसर हात फिरवावा. पाण्याने केसांतील हायड्रोजन बंध तात्पुरते सुटतात, केस वळणाला राजी होतो आणि वाळताना तेच वळण धरतो. मात्र चिंब ओल्या केसांचा अंबाडा घालू नये. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर इजा पावतो. शिवाय दाट अंबाड्याच्या गाभ्यातील ओल तासन्‌तास सुकत नाही.

पाया म्हणजे पोनीटेल. मानेजवळ, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर किंवा टाळूवर, यांपैकी कुठेही ती बांधता येते. फार जड केसांना मधली जागा सोयीची, कारण तिथे डोक्याच्या गोलाईचा आधार मिळतो. एकाच रबराने सगळे केस बांधले तर सगळा भार एका बिंदूवर येतो आणि रबर दिवसभरात खाली घसरत जाते. याला एक साधा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे : वरच्या अर्ध्या केसांची आधी एक पोनीटेल बांधायची, मग ती खालच्या केसांत मिळवून तिच्या लगेच खाली दुसरी बांधायची. भार दोन ठिकाणी विभागला जातो आणि दोन्ही रबरे बेताच्या ताणावर राहतात. कापडाने मढवलेले रबर वापरावे. उघडे रबर केसांना चिकटून त्यांना तोडते. दोन टोकांना हूक असलेले इलॅस्टिक मिळाले तर अधिक चांगले, कारण जाडजूड पोनीटेल पुन्हा पुन्हा रबरातून ओढून काढावी लागत नाही. एक हूक मुळाशी अडकवायचा, इलॅस्टिक हवे तितके वेढे गुंडाळायचे, दुसरा हूक अडकवायचा.

गुंडाळताना पिळाची दिशा सांभाळणे गरजेचे आहे. केसांना ज्या दिशेने पीळ दिला त्याच दिशेने वेटोळे फिरवावे. उलट फिरवले तर प्रत्येक वेढ्यागणिक पीळ सुटत जातो. पीळ अगदी टिकाऊ हवा असेल तर पोनीटेलचे दोन भाग करून दोन्हींना उजवीकडे पीळ द्यायचा आणि मग ते एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळायचे. दोन उलट पीळ एकमेकांना अडवतात आणि दोरासारखा तयार झालेला हा पेड सहज उकलत नाही. तीन पेडांच्या वेणीचा अंबाडा याहूनही भरवशाचा. वेणीत केस पुन्हा पुन्हा एकमेकांना ओलांडून जातात, त्यामुळे निरनिराळ्या लांबीचे केस आत बांधले राहतात आणि पिनेला शिरायला पेडांमधल्या खाचा मिळतात. निसरड्या, बारीक पण संख्येने भरपूर केसांसाठी वेणीच घालावी. ज्यांचे केस खूपच दाट आहेत त्यांनी पोनीटेलचे दोन भाग करून पहिला भाग मुळाभोवती गुंडाळून पक्का करावा आणि दुसरा त्याच्या बाहेरून उलट दिशेने न्यावा. प्रत्येक भागाचा पीळ आपापल्या दिशेनेच असावा. एका वेळी हातात निम्मेच केस येत असल्याने हातही थकत नाहीत.

पिना, आकडे, काडी

बॉबी पिन १९२०च्या दशकात, केस आखूड कापण्याची पद्धत आली तेव्हा सर्रास वापरात आली. तिची दोन पाती एकमेकांवर दाबलेली असतात आणि थोड्या केसांची पातळ बट धरण्यातच तिची ताकद आहे. जाड वेटोळ्यात ती खुपसली की पाती फाकतात, पकड जाते आणि पिन हळूहळू बाहेर येते. दाट अंबाड्यात तिचा उपयोग कडेच्या सुट्या बटा बसवण्यापुरता. तिथेही दोन पिना एकमेकींना छेदून लावल्या तर त्या एकमेकींना अडवतात. नागमोडी पाते डोक्याच्या बाजूला ठेवावे.

अंबाड्याचा भार पेलतो तो आकडा, म्हणजे यू आकाराची, दोन टोके मोकळी असलेली लांब पिन. तो सरळ आत खोचणे ही नेहमीची चूक. आकडा अंबाड्याच्या बाहेरच्या कडेवर, डोक्याला काटकोनात धरावा. वेटोळ्याच्या कडेचे थोडे केस दोन टोकांत घेऊन तो आत न्यावा. टोके त्वचेला हलकेच लागली की आकडा आडवा पाडावा आणि डोक्याला समांतर, अंबाड्याच्या मध्याकडे ढकलावा. आत जाताना तो आधी डोक्यालगतचे केस आणि मग आतला वेढा उचलतो, असे तीन थर एकत्र शिवले जातात. बरोबर बसलेल्या आकड्याला आत शेवटपर्यंत थोडा विरोध जाणवतो. भसकन आत गेला तर त्याने काहीच पकडलेले नाही. काढून दोन बोटे बाजूला पुन्हा लावावा. पहिला आकडा जिथे, त्याच्या बरोबर समोर दुसरा, मग उरलेल्या दोन बाजूंना दोन. एवढ्यावर अंबाडा हलक्या हाताने हलवून पाहावा. त्याच्याबरोबर डोक्याची त्वचाही सरकली तर जोड पक्की. नुसता अंबाडाच सरकला तर जिथे फट दिसते तिथे आणखी एक लावावा.

स्प्रिंगसारखी वळलेली स्पायरल पिन जाड केसांत फार उपयोगी पडते. ती फिरवत आत न्यायची असते. एक वरून, एक खालून. तिच्या प्रत्येक आट्यात केस अडकत जात असल्याने दोन पिना बऱ्याच बॉबी पिनांचे काम करतात. काढतानाही ती उलट फिरवतच काढावी.

अंबाड्याच्या काडीचे तंत्र आकड्याचेच आहे : कडेचे केस उचलायचे, काडी उलटवायची, मुळाखालून त्वचेलगत पलीकडे काढायची. दोन-तीन दातांचा काटा काडीपेक्षा कमी फिरतो, म्हणून जड केसांना तो बरा. क्लचर घ्यायचा तर त्याचे दात अंबाड्याच्या जाडीला पुरतील एवढे लांब असावेत आणि जबडा मिटल्यावर दात एकमेकांत जावेत. अर्धवट उघडा राहिलेला क्लचर घसरणारच. जाळी सुटे केस आवरते, वजन पेलत नाही. स्प्रेचेही तेच. अंबाडा मोठा दिसावा म्हणून घालायचे फोमचे कडे दाट केसांना लागत नाही. त्याने वेढे मुळापासून दूर जातात.

कुठे बिघडले हे ओळखणे

अंबाडा कसा सुटला यावरून कारण कळते. सगळाच अंबाडा, आकार न बिघडता, खाली उतरला असेल तर पाया सैल आहे. रबर घसरले किंवा एकाच बिंदूवर भार आला. एका बाजूला कलला असेल तर त्याच्या विरुद्ध बाजूच्या आकड्यांनी डोक्यालगतचे केस पकडलेले नाहीत. वेटोळे जागेवर आहे पण फुगत चालले आहे, तर पीळ आणि वेढा उलट दिशांना आहेत किंवा ताठ केसांना पीळ कमी पडला. शेंडा निसटून उकलायला सुरुवात झाली असेल तर शेंडा शेवटच्या वेढ्याखाली पुरेसा आत खोचलेला नाही. केसांना लेयर कट असेल तर हे हमखास होते आणि अशा केसांना वेणीवाचून चांगला उपाय नाही. या चारांपैकी एकही अडचण रबर करकचून आवळल्याने सुटत नाही.

ताणाचे दुष्परिणाम

सतत ओढ बसल्याने केस गळण्याच्या विकाराचे वर्णन १९०७ साली ग्रीनलंडमधील, केस घट्ट ओढून बांधणाऱ्या स्त्रियांच्या संदर्भात झाले होते. कपाळाच्या व कानशिलाच्या रेषेवरचे केस आधी विरळ होतात. त्या रेषेवर बारीक केसांची एक किनार तेवढी शिल्लक राहते, आणि त्वचारोगतज्ज्ञ तिच्यावरून विकार ओळखतात. वेळीच ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षे चालू राहिली तर केसांची मुळेच नष्ट होतात आणि मग भरपाई होत नाही. बांधल्यावर त्वचा दुखणे, मुळांशी बारीक पुटकुळ्या येणे, भुवया वर ओढल्यासारख्या वाटणे या खुणा आधी दिसतात. त्यांना सवयीचा भाग समजून सोडून देऊ नये. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही बाहेरच्या ओढीमुळे होणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र स्थान आहे. ओढ सुटल्यावर ती तासाभरात थांबते. जड केस असलेल्यांनी अंबाड्याची जागा दर काही दिवसांनी बदलावी आणि झोपताना तो सोडून सैल वेणी घालावी.

सोडताना घाई केली की दाट केसांत गुंता होतो. आधी सगळे आकडे, आत घातले त्याच वाटेने उलटे काढावेत; एखादा राहून गेला तर कंगवा तिथेच अडतो. मग शेंडा बाहेर काढून वेढे उलट दिशेने एकेक करून सोडावेत, पीळ हाताने उकलावा आणि रबर सर्वांत शेवटी काढावे. विंचरायला सुरुवात शेंड्यांपासून करून हळूहळू वर जावे. केसांत राहिलेले वळण पाण्याचा हात लावला की निघून जाते.