श्रीखंडाच्या डब्यातली इंजेक्शनं आणि कोलकात्याचे डॉक्टर

आमच्या फ्रीजच्या दारात श्रीखंडाचा एक जुना डबा आहे, त्यात श्रीखंड नाही, मूल व्हावं म्हणून चालू असलेल्या आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांची, माझी इंजेक्शनं आहेत. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. रात्री नऊचा अलार्म वाजला की नवरा टीव्हीचा आवाज जरा वाढवतो आणि आम्ही आतल्या खोलीत जातो, पोटाला बर्फ लावायचा, कातडी चिमटीत धरायची आणि टोचायचं. आठ-दहा दिवस हे, मधेमधे सोनोग्राफी करून फॉलिकल (अंडं वाढतं त्या पिशव्या) मोजायचे, मग एग पिकअप म्हणजे अंडी बाहेर काढणं, मग लॅबमध्ये शुक्राणूंशी जुळवून तयार झालेले गर्भ फ्रीझ करायचे आणि शरीराला जरा विसावा देऊन पुढच्या पाळीनंतर ट्रान्सफर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडणं. मॅडमनी हे कागदावर आखून दिलं तेव्हा मला वाटलं काय लेटेस्ट प्रकार आहे. घरी येऊन वाचायला बसले तर कळलं की इंजेक्शनं, योनीमार्गे पिकअप, फ्रीझिंग, पुढच्या पाळीच्या चक्रात ट्रान्सफर, हा अख्खा क्रम १९७८ मध्ये कोलकात्यात एका माणसाने करून ठेवला होता आणि त्याला लोक हसले होते.

आधी इंजेक्शनांचं सांगते कारण ती गोष्ट भारीच आहे. बायकांची पाळी गेली की अंडाशयाला काम करायला लावणारी हार्मोन्स शरीरात खूप वाढतात आणि लघवीतून बाहेर पडतात. इटलीत पिएरो दोनिनी नावाच्या शास्त्रज्ञाने १९४९ च्या सुमारास ती लघवीतून वेगळी काढली. पण औषध करायचं तर लघवी लागणार पिंपच्या पिंप, आणि ती सुद्धा नक्की गरोदर नसलेल्या बायकांची, नाहीतर गरोदरपणातलं हार्मोन त्यात मिसळणार. मग कुठून आणायची? तर वयस्कर नन्सच्या मठांतून! १९६२ मध्ये इस्रायलमध्ये या औषधाने राहिलेलं पहिलं बाळ जन्मलं. पुढे १९९० च्या दशकात हेच हार्मोन लॅबमध्ये पेशींकडून बनवून घ्यायला लागले, तरी लघवीतून काढलेली इंजेक्शनं आजही वापरात आहेत, माझ्या डब्यातली दोन त्यातलीच. ज्यांनी आयुष्यभर लग्न केलं नाही त्यांच्या जिवावर इतक्या घरांत पाळणे हलले, काय म्हणायचं याला.

तर १९७८. २५ जुलैला इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला लुईस ब्राउन जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी (टेस्ट ट्यूब कुठेच नसते, काचेची चपटी डिश असते, पण नाव पडलं ते पडलं). हे घडवणारे शास्त्रज्ञ एडवर्ड्स आणि डॉक्टर स्टेप्टो यांनी तिच्या आईला इंजेक्शनं दिलीच नव्हती, नैसर्गिक पाळीत येणारं एकच अंडं लॅपरोस्कोपीने, म्हणजे पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने, काढलं होतं. आणि बरोबर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात दुर्गा जन्मली, नवरात्र सुरू होत होतं म्हणून दुर्गा. तिच्या आईच्या गर्भनळ्या खराब होत्या. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी त्या आईला हार्मोनची इंजेक्शनं देऊन जास्त अंडी तयार केली, पोट न उघडता योनीमार्गे काढली, आणि गर्भ ५३ दिवस द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवून मग ट्रान्सफर केला. त्यांच्यासोबत एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक गोठवण्याच्या तंत्रातले जाणकार, एवढीच टीम. गोठवलेल्या गर्भापासून बाळ झाल्याचा जगाने मान्य केलेला पहिला जन्म ऑस्ट्रेलियातला, १९८४ चा. म्हणजे हा माणूस किती पुढे होता बघा.

पण राज्य सरकारने चौकशी समिती नेमली आणि समितीने दावाच खोटा ठरवला. १९७९ मध्ये जपानला बोलावणं आलं तर जायला परवानगी नाही. १९८१ मध्ये तर चक्क डोळ्यांच्या संस्थेत बदली, हार्मोनवर आयुष्य घातलेल्या माणसाची. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. मला सगळ्यात टोचतं ते वेगळंच आहे, दुर्गाच्या आईवडिलांना हे गुपित ठेवायचं होतं, लोक काय म्हणतील म्हणून, त्यामुळे मुलगी समोर उभी करून ही बघा म्हणायची सोयच नव्हती. मी त्यांना नावं ठेवू शकत नाही हो, माझा डबा आहेच फ्रीजमध्ये.

मग ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत परळच्या केईएममध्ये हर्षा जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांचं काम, आणि सगळीकडे भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचं नाव झालं. महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये हे झालं बरं का! आज प्रत्येक चौकात गुबगुबीत बाळाचा फोटो लावलेलं सेंटर आहे आणि उपचाराच्या एका फेरीचं बिल बघून पोटात गोळा येतो, तेव्हा हे आठवतं. आनंद कुमार मात्र मोठ्या मनाचे, १९९७ मध्ये मुखोपाध्यायांचे कागद हातात आल्यावर ते वाचून त्यांनी स्वतःच लिहून टाकलं की पहिला मान कोलकात्याचा, माझा नाही. दुर्गाही पंचविशीत लोकांसमोर आली.

नवऱ्यांची बाजू या इतिहासात फार उशिरा येते. मूल नाही म्हणजे बाईतच दोष, नवस तिने करायचे, उपास तिने, ओटी भरताना मागे तिला ठेवायचं, आणि दुसरं लग्न त्याचं. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या टीमने एकच शुक्राणू सुईने थेट अंड्यात सोडून झालेल्या बाळांची माहिती छापली, त्याला इक्सी म्हणतात, आणि ज्यांचा शुक्राणूंचा काउंट अगदी कमी त्यांनाही वाट मिळाली. आमच्या फाईलवर इक्सीच लिहिलंय. त्या दिवशी रिपोर्ट वाचून नवरा पार्किंगमध्ये बराच वेळ गाडी सुरूच करत नव्हता.

कायदा यायला मात्र २०२१ उजाडलं. आता बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५, मुलगा की मुलगी निवडायला बंदी, गर्भ दहा वर्षांच्या वर ठेवता येत नाहीत, आणि दोघांच्या लेखी संमतीशिवाय काही नाही. आम्ही परवाच सह्या करून आलो, किती पानं होती मोजली पण नाहीत.

घरी आलो तर सासूबाई फ्रीज आवरत होत्या. म्हणाल्या, हा डबा कधीचा पडलाय, टाकून देऊ का? नवरा म्हणाला, राहू दे आई, थोडं आहे अजून त्यात.