मूल्यांकनकाराचे प्राथमिक प्रशिक्षण (स्थावर मालमत्ता), भारतातील

जमीन, इमारत आणि त्यांतील हक्क यांचे पैशातील मूल्य ठरविण्याचा व्यवसाय करू पाहणाऱ्यास प्रवेशाच्या टप्प्यावर दिले जाणारे शिक्षण. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम २४७ नुसार ‘नोंदणीकृत मूल्यांकनकार’ म्हणून काम करावयाचे असल्यास ५० तासांचा अभ्यासक्रम, संगणकावरील परीक्षा आणि भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे नोंदणी असा क्रम आहे. बँकेचे तारण, कौटुंबिक वाटणी, भांडवली लाभावरील कर, भूसंपादनाचा मोबदला, नादारीतील मालमत्तेची विक्री अशा प्रसंगी मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो.

पूर्वपीठिका : भारतात या प्रशिक्षणाचा आरंभ केव्हा झाला, याविषयी एकवाक्यता नाही. ‘प्रशिक्षण’ म्हणजे काय धरायचे, यावर उत्तर अवलंबून आहे.

सर्वांत मागे नेणारे मत मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीकडे बोट दाखवते. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवली, तीत शेताची प्रतवारी ठराविक तक्त्यावरून होत असे. मातीचा पोत, रंग आणि खोली पाहून नऊ प्रती पाडल्या जात. पावणेदोन हात खोल, एकजिनसी काळी जमीन सोळा आण्यांची धरली जाई. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी साचणे यांसारखा प्रत्येक दोष शेताची प्रत एका पायरीने खाली आणी. ही प्रत लावणारे कारकून शिकवून तयार केले जात आणि त्यांचे काम वरचे अधिकारी फेरतपासणीत पडताळत. डोळ्यांनी पाहिलेल्या गुणदोषांना आकड्यात बसवण्याचे हे शिस्तबद्ध शिक्षण होते, यात शंका नाही. मात्र त्यातून निघे तो शेतसारा, बाजारभाव नव्हे. जमीन किती किमतीला विकली जाईल, हा प्रश्न त्या प्रतवारकारापुढे नव्हता. म्हणून आजच्या प्रशिक्षणाशी त्याचा संबंध रीतीपुरताच मानणे योग्य.

दुसरे मत स्थापत्य अभियांत्रिकीच्या पाठ्यक्रमाला श्रेय देते. बांधकामाचे अंदाजपत्रक शिकवणाऱ्या विषयात मूल्यांकनाची एक-दोन प्रकरणे असत आणि कित्येक पिढ्यांतील अभियंत्यांनी घसारा व भाड्यावरून मूल्य काढण्याची रीत तेथेच पहिल्यांदा पाहिली. तिसरे मत व्यवसायाच्या संघटनेला महत्त्व देते. इन्स्टिट्यूशन ऑफ व्हॅल्युअर्स ही संस्था १९६८ मध्ये दिल्लीत स्थापन झाली. करविषयक वांछू समितीच्या अहवालाच्या पाठोपाठ १९७२ च्या दुरुस्तीने संपत्ती कर अधिनियमात कलम ३४ अब आले आणि ‘शासनमान्य मूल्यांकनकार’ हा वर्ग कायद्याने अस्तित्वात आला. पण त्या नोंदणीसाठी पदवी व अनुभव पाहिला जाई; अभ्यासक्रम किंवा परीक्षा नव्हती. वल्लभ विद्यानगर येथील सरदार पटेल विद्यापीठाने स्थावर मालमत्तेच्या मूल्यांकनात पदव्युत्तर पदवी सुरू केली, ही या काळातील मोलाची गोष्ट. तथापि ती ऐच्छिक होती.

प्रवेशासाठी सक्तीचे प्रशिक्षण हा निकष लावल्यास आरंभ १८ ऑक्टोबर २०१७ रोजी अधिसूचित झालेल्या कंपनी (नोंदणीकृत मूल्यांकनकार व मूल्यांकन) नियमांपाशीच धरावा लागतो, आणि तेच अधिक सयुक्तिक दिसते. परीक्षा ३१ मार्च २०१८ पासून सुरू झाली. संपत्ती कर २०१५ च्या वित्त अधिनियमाने उठवला गेला, तरी कलम ३४ अब खालील नोंदणी प्राप्तिकराच्या कामासाठी वापरात राहिली. त्यामुळे एकाच गावात दोन निरनिराळ्या नोंदणीचे मूल्यांकनकार आढळतात आणि पक्षकारांचा गोंधळ होतो.

पात्रता व अभ्यासक्रम : नियमांत मालमत्तेचे तीन वर्ग आहेत : जमीन व इमारत, यंत्रसामग्री, रोखे व वित्तीय मालमत्ता. पहिल्या वर्गासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगररचना यांतील पदवी व त्यानंतर पाच वर्षांचा अनुभव, अथवा पदव्युत्तर शिक्षण व तीन वर्षांचा अनुभव लागतो. उमेदवार प्रथम एखाद्या मान्यताप्राप्त मूल्यांकनकार संघटनेचा सभासद होतो आणि ५० तासांचा अभ्यासक्रम तिच्याकडेच करतो. परीक्षा दोन तासांची व १०० गुणांची असते. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के गुण लागतात, तर चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे २५ टक्के गुण वजा होतात. उत्तीर्ण झाल्यापासून तीन वर्षांत नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो.

विषयांत अर्थशास्त्र, हिशेबलेखन, पर्यावरण, व्यावसायिक नीती यांची तोंडओळख असते. कायद्याचा भाग मात्र खरोखर मोठा आहे : करार, मालमत्ता हस्तांतरण, नोंदणी, मुद्रांक, सुविधाधिकार, भाडेनियंत्रण, स्थावर संपदा नियमन आणि २०१३ चा भूसंपादन कायदा. अभियंत्याला हा भाग जड जातो. तरीही तो शिकवलाच पाहिजे. मूल्य विटांचे नसते, हक्कांचे असते; भाडेकरू बसलेली इमारत आणि तशीच रिकामी इमारत यांच्या मूल्यात मोठे अंतर पडते.

मूल्य काढण्याच्या तीन पद्धती (तुलनेची, उत्पन्नाची व खर्चाची) सर्व पुस्तकांत सारख्याच असल्याने येथे विस्तार केलेला नाही. खर्चाच्या पद्धतीतील घसाऱ्याचे नेहमीचे उदाहरण असे : इमारतीचे आयुष्य ६० वर्षे, वय २० वर्षे, शेवटी उरणारे भंगारमूल्य १० टक्के, तर सरळ रेषेच्या रीतीने घसारा ९० गुणिले २० भागिले ६०, म्हणजे ३० टक्के.

इयर्स पर्चेसचा वाद : निव्वळ वार्षिक उत्पन्नाला ज्या पटीने गुणून भांडवली मूल्य काढतात, त्या पटीस इयर्स पर्चेस म्हणतात. नवख्यांची सर्वाधिक गल्लत येथे होते, म्हणून थोडे सविस्तर. उत्पन्न कायमचे आणि दर ८ टक्के असेल तर पट १०० भागिले ८, म्हणजे १२.५. येथवर मतभेद नाही. भाडेपट्ट्याची २० वर्षेच उरली असतील तर मात्र दोन रीती निघतात. पहिलीत गुंतवणुकीवरील परतावा आणि भांडवलाची परतफेड दोन्ही ८ टक्क्यांनीच धरतात, पट ९.८२ येते. दुसरीत भांडवल भरून काढण्यासाठी वेगळा सिंकिंग फंड कल्पून त्यावर सुरक्षित, कमी दर लावतात. तो ३ टक्के धरल्यास दर रुपयामागे वर्षाला ०.०३७२ रुपये बाजूला टाकावे लागतात. परताव्याचे ०.०८ त्यात मिळवून बेरीज ०.११७२, आणि पट ८.५३. वर्षाला एक लाख रुपये निव्वळ भाडे असेल तर एकाच्या हिशेबाने मूल्य ९ लाख ८२ हजार, दुसऱ्याच्या हिशेबाने ८ लाख ५३ हजार. दोन अहवालांतील सव्वा लाखाहून अधिक फरक मालमत्तेमुळे नव्हे, निवडलेल्या तक्त्यामुळे पडलेला असतो.

एकेरी दराची रीत विल्यम इनवुड याच्या १८११ च्या तक्त्यांशी, तर दुहेरी दराची हॉस्कोल्ड या खाण अभियंत्याच्या १८७७ च्या ग्रंथाशी जोडली जाते. तक्त्यांची परंपरा त्याहून जुनी आहे. चर्च व महाविद्यालयांच्या भाडेपट्ट्यांसाठी १६८६ मध्ये केंब्रिजला छापलेले तक्ते दीर्घकाळ आयझॅक न्यूटनच्या नावावर खपले. न्यूटनने रीत बरोबर असल्याचा दाखला तेवढा दिला होता, तक्ते त्याचे नव्हते, हेच मत आता ग्राह्य मानले जाते. दुहेरी दराची रीत खाणीसारख्या संपत जाणाऱ्या मालमत्तेसाठी निघाली असल्याने तिथे ती शोभते. शहरी भाडेपट्ट्यावर ती सरसकट लावावी का, यावर दुमत आहे. एकेरी दराकडे कल वाढलेला दिसतो आणि तो रास्त आहे. भारतीय पाठ्यपुस्तकांत दोन्ही रीती शेजारी शेजारी दिलेल्या असतात, पण कोणती केव्हा वापरायची हे विद्यार्थ्याला क्वचितच सांगितले जाते.

न्यायनिर्णयांतून शिक्षण : भारतीय प्रशिक्षणाचा सर्वांत सकस भाग भूसंपादनाच्या निकालांत आहे. विशाखापट्टणमच्या राजा व्यरिचेर्ल नारायण गजपतिराजू प्रकरणात (१९३९) प्रिव्ही कौन्सिलसमोर (ब्रिटिश काळातील अंतिम अपील न्यायालय) एक झऱ्याची जमीन होती. बंदराच्या अधिकाऱ्यांनी ती मलेरिया निर्मूलनासाठी घेतली. मालकाचे म्हणणे, पाण्याचेही मोल धरा. ते पाणी घेऊ शकणारा एकमेव ग्राहक संपादन करणारे बंदरच असले तरी त्या संभाव्य उपयोगाचे मूल्य धरले पाहिजे, असा निर्णय झाला. राजी विक्रेता आणि राजी खरेदीदार यांची कल्पना शिकवताना हा निकाल आजही वाचला जातो.

पुण्याच्या जमिनीसंबंधीचा चिमणलाल हरगोविंददास खटला (सर्वोच्च न्यायालय, १९८८) तर विद्यार्थ्याने मुळातून वाचावा. त्यात तुलनेचे व्यवहार कसे निवडावेत आणि त्यांत वाढघट कशी करावी याची यादीच आहे. भूखंड लहान, रस्त्याला लागून, दर्शनी बाजू मोठी, आकार नियमित, वस्ती जवळ, तर अधिक. क्षेत्र मोठे, रस्त्यापासून आत, अरुंद तोंडाची खोल पट्टी, भराव लागेल अशी सखल जमीन, तर उणे. ५०० ते १,००० चौरस यार्डांच्या भूखंडाचा भाव १०,००० चौरस यार्डांच्या जमिनीला जसाच्या तसा लावता येत नाही. रस्ते व भूखंड पाडण्यासाठी साधारण २० ते ५० टक्के वजावट करावी लागते. खरेदीखत हातात घेऊन ही यादी एकदा स्वतः लावून पाहिली की तुलनेची पद्धत अंगवळणी पडते.

मुद्रांक शुल्कासाठीचे दर म्हणजे बाजारभाव नव्हे, हा मुद्दा जवाजी नागनाथम प्रकरणात (१९९४) आला. महाराष्ट्रात ‘रेडी रेकनर’ म्हणून ओळखले जाणारे वार्षिक मूल्य दर तक्ते सोयीचे असल्याने नवखा मूल्यांकनकार त्यांवर विसंबतो. प्रशिक्षणात ही सवय वेळीच मोडली जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. २०१३ च्या कायद्याने मात्र मुद्रांकाचा दर, आधीच्या तीन वर्षांतील विक्रीखतांपैकी अधिक किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी, आणि संमतीने ठरलेली रक्कम यांतील सर्वांत मोठी संख्या मोबदल्यासाठी घ्यायला सांगितले आहे. म्हणजे संपादनाचा मोबदला आणि तारणासाठीचे मूल्य एकाच जमिनीसाठी वेगळे निघू शकते.

जागेवरील शिक्षण : संपत्ती कर नियमांतील नमुना ओ-१ (स्थावर मालमत्तेच्या मूल्यांकन अहवालाचा ठरलेला नमुना) हा स्वतंत्र धडा ठरू शकतो. मूल्यांकनाचा हेतू, तारीख, मालकीचा प्रकार, भाडेपट्ट्याची मुदत, अनुज्ञेय व वापरलेला चटई क्षेत्र निर्देशांक, भाडेकरू व भाडे, बांधकामाचे वर्ष असे प्रश्न त्यात क्रमाने येतात. शेवटी, मालमत्तेत आपला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध नाही आणि आपण ती स्वतः पाहिली आहे, असे घोषित करावे लागते.

येथेच विद्यमान व्यवस्थेची मोठी उणीव दिसते. नियमांत मागितलेला पाच वर्षांचा अनुभव पात्रतेच्या विद्याशाखेतील आहे, मूल्यांकनातील नव्हे. पूल बांधण्यात पाच वर्षे घालवलेला अभियंता ५० तास वर्गात बसून व परीक्षा देऊन जमिनीचा भाव प्रमाणित करू शकतो. त्याने एकही सातबारा वा मिळकत पत्रिका अनुभवी माणसासोबत वाचलेली नसली तरी चालते. अमेरिकेत प्रशिक्षणार्थ्याचे प्राथमिक शिक्षण २०२५ पर्यंत ७५ तासांचे होते : तत्त्वे ३०, कार्यपद्धती ३०, व्यावसायिक मानके १५. त्यातून स्वतंत्र परवाना मिळत नाही. पारंपरिक मार्गाने त्यापुढच्या परवान्यासाठी १५० तासांचे शिक्षण (२०२५ पर्यंतचा आकडा) आणि पर्यवेक्षकाच्या हाताखाली १,००० तासांचे काम लागते, व एका पर्यवेक्षकाकडे सहसा तीनच प्रशिक्षणार्थी असू शकतात. ब्रिटनमध्येही १८६८ साली स्थापन झालेली सर्वेक्षकांची संस्था सभासदत्वापूर्वी देखरेखीखालील अनुभव व तोंडी परीक्षा घेते. भारतात तासांची संख्या वाढवण्यापेक्षा अशी उमेदवारी सक्तीची करणे अधिक गरजेचे आहे.

एम. एस. साहू यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा व राष्ट्रीय संस्था सुचवली. शेतजमीन, फळबागा व वने यांचे मूल्यांकन नमुना ओ-१ च्या कक्षेबाहेर आहे आणि प्राथमिक अभ्यासक्रमातही त्याला थोडीच जागा मिळते.