पूर्वपूर्तिवाद

पूर्वपूर्तिवाद : बायबलातील युगांताची भाकिते प्राचीन काळीच, विशेषतः इ.स. ७० मधील यरुशलेमच्या पाडावात, खरी ठरली असे मानणारी अर्थनिर्णयाची पद्धत. इंग्रजीत प्रिटरिझम म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘होऊन गेलेले’. मुख्य आधार मत्तय २४, मार्क १३ व लूक २१ या अध्यायांचा. ‘ही पिढी’ सरण्याआधी सारे घडेल, हे येशूचे वचन शब्दशः घेतले तर चाळीसेक वर्षांत टायटसच्या रोमन फौजेने यरुशलेममधील ज्यूंचे मंदिर जाळले, हा मेळ नजरेत भरतो. वेढ्याचा तपशील ज्यू इतिहासकार जोसीफसकडून मिळतो. तो रोमनांच्या आश्रयाने लिहीत होता, हे लक्षात ठेवून तो वाचावा. चौथ्या शतकात चर्चचा इतिहासकार युसीबियस याने हाच तपशील भाकिताच्या पूर्तीचा पुरावा म्हणून वापरला.

पद्धत म्हणून मांडणीचे श्रेय सामान्यतः लुइस दे आल्कासार या स्पॅनिश जेझुइटाला (एका कॅथलिक संघाच्या सदस्याला) देतात. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६१४ मध्ये निघाला. प्रॉटेस्टंट लेखक पोपलाच प्रकटीकरण या बायबलातील अखेरच्या ग्रंथातले ‘श्वापद’ ठरवीत होते, त्यावरचा हा तोडगा असे म्हटले जाते. पण ग्रोशियस व हॅमंड या प्रॉटेस्टंटांनीही याच धर्तीचे विवरण स्वीकारले, त्यामुळे ते कारण पुरेसे वाटत नाही. जुन्या करारातील दानीएलाच्या ग्रंथापुरता हा विचार त्याहून बराच जुना. तिसऱ्या शतकातील ख्रिस्तीविरोधक पॉर्फिरी याने त्यातील भाकिते ज्यूंचा छळ करणारा राजा अँटायोकस एपिफेनीस (इ.स.पू. दुसरे शतक) याच्या राजवटीत, घटना घडत असताना लिहिली गेली असे प्रतिपादले. त्याचे म्हणणे मुख्यतः ख्रिस्ती पंडित जेरोमच्या खंडनातून कळते. आधुनिक अभ्यासकांपैकी बहुतेकांनी ते थोड्याफार फरकाने मान्य केले आहे.

खरा वाद प्रकटीकरणाच्या काळाचा. ग्रंथ यरुशलेमच्या पाडावाविषयी असेल, तर तो इ.स. ७० पूर्वीचा हवा. ख्रिस्ती बिशप आयरेनीयस (सु. १८०) मात्र रोमन सम्राट ‘डोमिशियनच्या राजवटीच्या अखेरीस’, म्हणजे सु. ९५ असे सुचवितो. त्याच्या वाक्यातील ग्रीक क्रियापदाला उघड कर्ता नाही आणि रूपावरून लिंगही कळत नाही. मराठीत ग्रंथातले दर्शन ‘दिसले’ की ग्रंथकर्ता योहान ‘दिसला’, हे ठरविल्यावाचून लिहिताच येत नाही. पूर्वपूर्तिवादी दुसरा अर्थ घेतात. परंतु योहान नंतरच्या ट्रेजन या सम्राटाच्या काळापर्यंत हयात होता असे आयरेनीयसच अन्यत्र सांगतो. तेव्हा तो डोमिशियनच्या अखेरीस ‘दिसला’ या म्हणण्यात फारसे स्वारस्य उरत नाही. बहुसंख्य अभ्यासक उत्तरकालच (सु. ९५) धरतात.

प्रकटीकरणातील श्वापदाच्या ६६६ या आकड्याबाबत पारडे उलट झुकते. ‘नेरॉन केसर’ (सम्राट नीरो) हे नाव हिब्रू अक्षरांत मांडले की ५०, २००, ६, ५०, १००, ६०, २०० यांची बेरीज ६६६ होते. लॅटिन वळणाने नावातला शेवटचा ‘न’ (५०) गाळला तर ६१६. आणि काही जुन्या हस्तलिखितांत नेमका हाच पाठ सापडतो. आयरेनीयसला तो ठाऊक होता, पण त्याने नाकारला. अर्थात आकडा नीरोचा ठरला म्हणून ग्रंथ त्याच्याच काळचा ठरत नाही.

अंशतः पूर्वपूर्तिवादी पुनरागमन व अंतिम न्याय अजून व्हायचे मानतात. पूर्ण पूर्वपूर्तिवादी तेही झाले म्हणतात. जे. एस. रसेल (१८७८) या दुसऱ्या टोकाच्या जवळ जातो. विश्वासांगीकारातील (ख्रिस्ती श्रद्धेच्या अधिकृत जाहीरनाम्यातील) ‘न्याय करण्यास येईल’ हे भविष्यकाळी रूप येथे आड येते, म्हणून चर्च हे मत स्वीकारत नाही.

मंदिराचा नाश व अँटायोकसचा छळ या दोन्ही घटनांची स्मृती मुंबईत मराठी घरांतच आढळते, मात्र ती ख्रिस्ती अर्थनिर्णयाशी संबंधित नाही. कोकणातून येऊन वसलेले बेने इस्राएल ज्यू (मांडवीतील त्यांचे सिनेगॉग १७९६ चे) मंदिराच्या नाशाचा उपास ‘बिरड्याचा रोजा’ या नावाने पाळीत. नाव मोड आणून सोललेल्या वालांच्या बिरड्यावरून पडले. त्यांच्यातील परंपरेनुसार पूर्वज अँटायोकसच्या छळाला कंटाळून निघाले आणि नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचे जहाज फुटले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी यासाठी इ.स.पू. १७५ च्या सुमाराचा काळ धरला. पण ते अँटायोकसच्या राज्यारोहणाचे वर्ष. मंदिर विटाळले गेले ते इ.स.पू. १६७ मध्ये. तेव्हा आकडा सैलच घ्यावा. मंदिराच्या शुद्धीचा हनुक्का हा सण जमातीला पूर्वी माहीत नव्हता, यावरूनही स्थलांतराचे प्राचीनत्व सुचविले जाते. तथापि एखादी प्रथा नसणे हा दुबळाच पुरावा होय.