पार्श्वभूमी : पर्यावरणाची ऑनलाइन माहिती आणि बडोद्याचा मराठी वाचक

ऑगस्ट २०२४ च्या पुरात बडोद्याच्या विश्वामित्री नदीने काळाघोडा पुलापाशी ३७ फुटांच्या आसपास पातळी गाठली. धोक्याची खूण २५ फुटांवर आहे. त्या दिवसांत बडोद्यातल्या घराघरांत फोनवर दोनच आकडे बघितले जात होते, एक शहराबाहेरच्या आजवा तलावाचा आणि दुसरा काळाघोड्याचा. पाणी ओसरल्यावर दोष कुणाचा यावर बोलून झाले. पुढे २०२५ च्या उन्हाळ्यात नदी रुंद आणि खोल करायला यंत्रे पात्रात उतरली, तेव्हा मगरींच्या बिळांचे काय, काठच्या कोतरांचे, म्हणजे घळींचे काय, ही चर्चा मराठी मंडळांच्या ग्रुपांवरही सुरू झाली. तिथे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : याविषयी नीट, भरवशाचे आणि शक्यतो मराठीत वाचायला कुठे मिळेल? उत्तर सरळ नाही. ते तसे का नाही, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

फार मागे जायची गरज नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० पासून संस्थानभर ग्रंथालये उभी केली आणि जिथे ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडल्या, हे बडोदेकराला सांगायला नको. त्याच सुमारास डभोईजवळ वढवाणा तलाव झाला, तो शेतीच्या पाण्यासाठी. वाचकाला समजेल अशा भाषेत माहिती पोचवणे हे राज्यकर्त्याचे काम आहे, असे या शहरात एकेकाळी गृहीत धरले जाई. एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

पर्यावरणाची माहिती पद्धतशीर गोळा करून वाटायचे सरकारी जाळे देशात १९८२ मध्ये सुरू झाले. तेव्हा ते छापील वार्तापत्रांचे होते. दोन वर्षांनी भोपाळ घडले, १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षणाविषयी तो प्रसिद्ध आदेश दिला. शाळा-कॉलेजांत विषय सक्तीचा करा, हे त्यातले सर्वांना ठाऊक असलेले वाक्य. आणखीही काही त्यात होते : चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या निदान दोन स्लाइड फुकट दाखवायच्या, आकाशवाणी-दूरदर्शनने रोज काही मिनिटे या विषयाला द्यायची. माहिती माणसाकडे चालत गेली पाहिजे, माणसाने तिच्या मागे धावायचे नाही, ही त्यामागची समजूत. स्लाइडा किती थिएटरांनी इमानाने दाखवल्या हा भाग वेगळा. पदवीच्या वर्गांत सहा महिन्यांचा सक्तीचा पेपर आला तो पुढे २००३-०४ च्या सुमारास, आणि तो बहुतेकांनी गाइडवरून पाठ करून टाकला.

इंटरनेट आले तेव्हा हा सगळा पसारा संकेतस्थळांवर गेला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सरकारी कार्यालयांवर स्वतःहून माहिती जाहीर करायची जबाबदारी टाकली. २००७ मध्ये पाण्याविषयीचे एक मोठे पोर्टल उघडले, २००८ मध्ये जैवविविधतेचे. पक्षी मोजणाऱ्या हौशी मंडळींनी आपल्या नोंदी थेट जगाच्या नकाशावर टाकायला सुरुवात केली. वढवाण्यावर हिवाळ्यात येणाऱ्या कादंबांच्या आणि चक्रवाकांच्या नोंदी आज कुणालाही घरबसल्या बघता येतात, आणि २०२१ मध्ये तो तलाव रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला त्यात अशा नोंदींचा वाटा थोडा नसावा. २००९ मध्ये औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक जाहीर झाला. सर्वाधिक प्रदूषित म्हणून अंकलेश्वर ८८.५० गुणांनी देशात पहिले आणि वापी पाठोपाठ, हे वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर छापले. बडोद्याचे ६६.९१ मात्र आतल्या तक्त्यात राहिले. बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीचे रासायनिक पाणी १९८३ पासून पन्नासहून अधिक किलोमीटरच्या कालव्याने खंभातच्या आखाताकडे जाते, हे माहीत असलेल्या वाचकाने तो तक्ता तेव्हाच उघडायला हवा होता. तक्ता इंग्रजीत होता.

मराठीतही मजकूर कमी आला नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर आहेत, महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाची 'परिसर अभ्यास'पासून 'जलसुरक्षा'पर्यंतची पुस्तके पीडीएफमध्ये मोफत उतरवून घेता येतात. संकल्पना समजून घ्यायला यांच्याइतके चांगले साधन नाही. पाणलोट म्हणजे काय, भूजल कसे भरते, हे त्या पुस्तकांत फार नेटके सांगितले आहे. मात्र उदाहरणे गोदावरीची, कृष्णेची, शिरपूरच्या बंधाऱ्यांची. पावागडच्या डोंगरात उगम पावून शहराच्या मधोमध वळणे घेत ढाढरला मिळणारी नदी त्या पुस्तकांत असायचे कारणच नाही. म्हणजे मराठीत जे आहे ते दुसऱ्या राज्याचे, आणि आपल्या गावाचे जे आहे ते मराठीत नाही. बडोद्याच्या वाचकाची अडचण इथून सुरू होते.

आपल्या गावाचे म्हणजे काय, तर मुख्यतः मंजुऱ्यांची कागदपत्रे. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाविषयीच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाला आधी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल करावा लागतो, त्याचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत जाहीर करावा लागतो आणि तीस दिवसांची सूचना देऊन जनसुनावणी घ्यावी लागते. ऑगस्ट २०१८ पासून मंजुरीचे अर्ज केंद्राच्या एका खिडकीवर, म्हणजे परिवेश पोर्टलवर येतात. तिथे राज्य निवडा, जिल्हा निवडा, प्रस्तावांची यादी उघडते. एका प्रस्तावावर बोट ठेवले की अर्ज, नकाशे, बैठकांची इतिवृत्ते, शेकडो पानांचा अहवाल हाती येतो. विषय शिकायचा तर यापेक्षा अस्सल साहित्य नाही. पण अहवाल पुष्कळदा कागदावरून स्कॅन केलेला असतो, त्यात शब्द टाकून शोधता येत नाही. गुजराती सारांश मिळालाच, तर तो जुन्या फॉन्टात टाइप केलेला असतो. कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे उमटतात. कागद जाहीर झाला, कायद्याचे काम भागले.

ही घडी बदलू पाहणारा, २००६ च्या अधिसूचनेची जागा घेणारा नवा मसुदा मार्च २०२० मध्ये आला. त्यावरचा वाद सविस्तर सांगायला हवा, कारण पर्यावरणाची माहिती कुणासाठी असते हा प्रश्न देशात इतक्या उघडपणे क्वचितच विचारला गेला असेल.

टाळेबंदी लागण्याच्या तोंडावर मसुदा संकेतस्थळावर चढला आणि ११ एप्रिलला राजपत्रात छापून आला. हरकतींना साठ दिवस होते. जनसुनावणीत म्हणणे मांडायची मुदत तीसवरून वीस दिवसांवर आणणे, मंजुरीशिवाय सुरू झालेल्या प्रकल्पांना मागाहून नियमित होण्याची वाट देणे, अशा तरतुदी त्यात होत्या. लोक घरात अडकलेले, कचेऱ्या बंद. मेमध्ये विशाखापट्टणमला वायुगळती झाली, ३ जूनला आपल्या बाजूच्याच दहेजला रसायन कारखान्यात स्फोट झाला, तरी मसुदा वाचायचा तो इंग्रजीत किंवा हिंदीत. मुदत ३० जूनपर्यंत वाढवल्याची सूचनाही अशी संदिग्ध होती की तिचा अर्थ लावायला न्यायालयात जावे लागले.

३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवा, आणि मसुद्याचे भाषांतर आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांत दहा दिवसांच्या आत करून जाहीर करा. त्या बावीसांत मराठी होती आणि गुजरातीही. केंद्राचे म्हणणे असे की राजभाषेच्या कायद्याप्रमाणे हिंदी आणि इंग्रजीत प्रसिद्ध केले की पुरे, बाकीचे बंधन नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्टमध्ये त्या न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या आदेशात हात घालायला नकार दिला आणि फेरविचार मागायचा असेल तर तिथेच मागा, असे सांगितले. तोवर हरकतींची मुदत उलटून गेली होती.

केंद्राच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. कायद्याच्या मसुद्याचे दहा दिवसांत बावीस भाषांत भाषांतर करायला सांगितले तर जे हाती येईल ते वाचण्याजोगे नसेल. सरकारी मराठीचा अनुभव असलेल्याला हे पटवून द्यावे लागत नाही. बडोद्यापुरती आणखी एक मेख आहे. इथल्या मराठी घरांत गुजराती सर्रास वाचली जाते, तेव्हा मराठी प्रत आली काय नि न आली काय, असे म्हणणारेही भेटतात. पण तेव्हा वेळेत गुजराती प्रतही नव्हती. शिवाय कोल्हापुराहून किंवा नाशिकहून लग्न होऊन आलेल्या, गुजराती बोलतात पण वाचत नाहीत अशा बायका वाडी-दांडियाबाजारात जेवढ्या आहेत, तेवढी गुजराती येणारी माणसे केंद्रीय सचिवालयात असतील की नाही कोण जाणे. भाषांतर वाईट होईल म्हणून भाषांतरच नको, हा युक्तिवाद ज्याला मूळ मसुदा वाचता येतो त्यालाच परवडतो.

त्या जुलैत आणखी एक प्रकार झाला. मसुद्याची तरुणांना समजेल अशी फोड करून ईमेलने हरकती पाठवायला सांगणाऱ्या तीन युवक गटांची संकेतस्थळे काही काळ उघडेनाशी झाली. एका गटाला आलेल्या नोटिशीत चक्क दहशतवादविरोधी कायद्याचे कलम होते. ते चुकून पडल्याचे सांगून पोलिसांनी ती मागे घेतली. सरकारने सोपे करून सांगायचे नाही आणि दुसऱ्याने सांगितले की दार लावायचे, असा त्याचा अर्थ पुष्कळांनी काढला. हरकती मात्र लाखांच्या संख्येने गेल्या, आणि त्यातल्या अनेक या सोप्या फोडीवरून लिहिलेल्या होत्या.

मसुद्याचे पुढे काय झाले? अंतिम अधिसूचना म्हणून तो कधी आलाच नाही. त्यातले काही बदल मात्र नंतर सुट्या दुरुस्त्या आणि कार्यालयीन आदेश यांतून येत राहिले. एक मोठा मसुदा असतो तेव्हा तो निदान सापडतो. तुकडे परिवेशवरच्या परिपत्रकांच्या यादीत शोधत बसावे लागते.

विश्वामित्रीची गोष्टही याच काळात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात चालू होती. नदीकाठ सुशोभीकरणाचे काम मंजुरीवाचून सुरू झाल्यावर २०१६ मध्ये ते थांबवण्याचा आदेश झाला, आणि मे २०२१ च्या निकालात नदीची हद्द आखणे, पूरमैदान राखणे, नदीसाठी कृती आराखडा करणे असे निर्देश आले. २०२४ नंतर जे काही चालले आहे ते समजून घ्यायला सुरुवात या निकालापासून करावी. तो ऑनलाइन आहे, शोधता येतो, आणि त्याचे इंग्रजी फार अवघड नाही. ज्यांना तेही जमत नसेल त्यांनी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला समोर बसवून वाचून घ्यावा. सक्तीच्या पेपराचा तेवढा तरी उपयोग होईल.

जुलै २०२२ मध्ये गांधीनगरला भाषिणी या सरकारी भाषांतर यंत्रणेचे उद्घाटन झाले. फोनवरचे भाषांतरही आता बरे असते. निकालाचा एखादा परिच्छेद त्यात टाकला तर कामापुरते मराठी हाती लागते. स्कॅन केलेल्या अहवालाचे पान आणि जुन्या फॉन्टातला गुजराती सारांश मात्र त्यात धड जात नाही. आणि जनसुनावणीच्या सारांशाचा नियम अजून २००६ चाच आहे : इंग्रजी आणि स्थानिक भाषा, म्हणजे आपल्याकडे गुजराती.