झाकली मूठ आणि सोमवारची मीटिंग

ऐरोलीच्या आयटी पार्कात सोमवारची मीटिंग भरते. सर विचारतात, "कुणाला काही सुचतंय का?" सगळ्यांच्या माना लॅपटॉपमध्ये. अर्ध्या तासाने खालच्या टपरीवर त्याच मंडळींना भन्नाट कल्पना सुचू लागतात. असं गप्प बसायचं कारण 'मानसिक सुरक्षितता' नसणं, म्हणजे बोललं तर अंगाशी येणार नाही ही खात्री नसणं, असं हल्ली म्हणतात. शब्द भारदस्त, पण आयटीवाल्यांचा नव्हे. आणि हे गप्प बसणं कारखान्यांतही जुनंच.

एमआयडीसी सुरू झाली १ ऑगस्ट १९६२ला, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. त्याच वर्षी जपानमध्ये गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने 'क्वालिटी सर्कल' सुरू झाली. मशीनवरच्या कामगारांनीच एकत्र बसून दोष शोधायचे, उपायही त्यांनीच सुचवायचे. भारतात ही पद्धत १९८०च्या सुमारास हैदराबादच्या 'भेल' या सरकारी कंपनीतून आली. पुढे बऱ्याच ठिकाणी फलक तेवढा लागला असावा, असं मला वाटतं. सुपरवायझरसमोर ब्र काढायची सोय त्याने होत नाही. लेथवरच्या मुरलेल्या टर्नरला नुसत्या आवाजावरून कळतं की टूलची धार गेली. पण ते तो बोलेल कशाला? जॉब, म्हणजे घडवलेला भाग, रिजेक्ट झाला की पहिलं बोट त्याच्याकडेच वळतं.

असं कानात, हातात मुरलेलं, शब्दांत न मावणारं ज्ञान तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी विचारात घेतलं होतं. ते एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याशिवाय कंपनीत नवं काही घडत नाही, हे व्यवस्थापनाचे अभ्यासक इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९५मध्ये जपानी कंपन्यांच्या उदाहरणांवरून मांडलं.

भीतीचा विचार वेगळीकडे चालला होता. माणसाने जुनी सवय सोडावी, तर आधी त्याला सुरक्षित वाटायला हवं, असं संघटनांचे अभ्यासक एडगर शाइन आणि वॉरन बेनिस यांनी १९६५मध्येच म्हटलं होतं. खरी गंमत घडली १९९०च्या दशकात, अमेरिकेतल्या रुग्णालयांत. संशोधक एमी एडमंडसन औषधं देताना होणाऱ्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीमच्या चुका कमी असतील, अशी अपेक्षा. आकडे निघाले उलटे, त्यांच्याच चुका जास्त! त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, फक्त चुका लपवत नव्हत्या. इतरांची झाकली मूठ सव्वा लाखाची. मग १९९९मध्ये एका उत्पादक कंपनीच्या ५१ टीम तपासून त्यांनी दाखवलं की जिथे विचारायला, चूक कबूल करायला धास्ती वाटत नाही, तिथली टीम जास्त शिकते.

पण नुसती भीती गेली म्हणून भागत नाही. मानसशास्त्रज्ञ गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांच्या १९८५च्या प्रयोगात गट मुख्यतः सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवर चर्चा करत राहिले. एकेकट्याकडे असलेली माहिती टेबलावर फारशी आली नाही. आपल्या मीटिंगांचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. टेस्टरला एक ठाऊक, सपोर्टवालीला दुसरं, आणि नवी कल्पना नेमकी त्या दोन्हींच्या जोडणीत दडलेली.

२०१२मध्ये गूगलने आपल्याच टीमचा अभ्यास सुरू केला. त्यात टीममध्ये कोण आहे यापेक्षा ती मंडळी एकमेकांशी कशी वागतात हे मोलाचं ठरलं. मानसिक सुरक्षितता सगळ्यांत वर. तिथून हा शब्द एचआरच्या स्लाइडवर चढला आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या काचेच्या इमारतींत पोचला.

आमच्याकडेही आला. 'मनमोकळं लिहा, नाव गुप्त राहील' असा फॉर्म मेलवर आला. उघडायला एम्प्लॉयी आयडी लागत होता.