पेशंटचा रिपोर्ट नातेवाईकाला सांगायचा का? कायदा इथपर्यंत कसा आला

आपल्या मराठवाड्यात पेशंट एकटा दवाखान्यात जात नाही, सोबत चुलता नाहीतर सासरा असतोच, आणि रिपोर्ट आला की बरेच डॉक्टर पेशंटला सोडून त्यांनाच सगळं सांगायलेत. हे कायद्यात बसतं का?

रोग्याच्या घरातलं बाहेर बोलू नको, असं वैद्याला चरकसंहितेतच बजावलंय, पण तो झाला धर्म. १८७२ च्या एव्हिडन्स अॅक्टनं, म्हणजे पुराव्याच्या कायद्यानं, अशिलाचं गुपित वकिलाकडं सुरक्षित ठेवलं, डॉक्टरला मात्र तसं संरक्षण दिलं नाही, म्हणून कोर्टानं हुकूम केला तर डॉक्टरला आजही सांगावंच लागतं. मग १९९८ ला सुप्रीम कोर्टापुढं एक केस आली, रक्त देताना एकाला एचआयव्ही निघाला, ते दवाखान्याकडनं बाहेर कळलं, ठरलेलं लग्न मोडलं. कोर्ट म्हणालं, होणाऱ्या बायकोच्या जिवाला धोका होता, त्यामुळं दवाखान्याची चूक नाही.

२००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत गुपित फोडायला तीनच वाटा आहेत: जजचा हुकूम, ठराविक माणसाला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि सरकारला कळवायचे आजार, जसा २०१२ पासून टीबी. नातेवाईक यात नाहीत. पण त्याच नियमांत दुसरीकडं लिहिलंय की पेशंटच्या आणि घरच्यांच्या हिताचं तेवढं नातेवाईकांना माहीत असावं, आणि माझ्या मते सगळा घोळ इथंच आहे, कारण हित कशात हे पेशंटला कुणी विचारतच नाही.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं ते बदललं. पेशंटच्या संमतीशिवाय सांगायचं नाही, जोडीदाराला धोका असला तरी आधी पेशंटचं समुपदेशन करायचं, आणि बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असली तर नवऱ्यालाही सांगायचं नाही! हे कलम आपल्याकडच्या प्रत्येक ओपीडीत भिंतीवर लावलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

अल्पवयीन पोरींचा प्रश्न त्याहून अवघड. पॉक्सोमुळं, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यामुळं, अशी पोर गरोदर असली की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, त्या भीतीनं पोरी गर्भपाताला भोंदूंकडं जायच्या, आणि बीड-जालन्याकडं बालविवाह किती होतात ते आपण बघतोच. म्हणून २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पोरीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं कळवताना तिचं नाव द्यायची गरज नाही.