प्रेप सुरू करायचंय? आधी एचआयव्हीचा ताजा रिपोर्ट काढा

प्रेप म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध. नेहमीच्या गोळीत टेनोफोविर आणि एम्ट्रिसिटाबिन ही दोन औषधं असतात. जोखीम जास्त असलेल्या प्रत्येकाला प्रेप मिळावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ पासूनची शिफारस आहे.

कोणाला मिळतं? जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि त्याचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) अजून दबलेला नाही, कंडोम दर वेळी वापरला जात नाही, नुकताच गुप्तरोग होऊन गेला किंवा इंजेक्शनच्या सुया एकमेकांत वापरल्या जातात, अशांना. वजन किमान ३५ किलो हवं.

कागद कोणते? ओळखपत्र, चालू औषधांची यादी (वेदनाशामक गोळ्याही लिहा, काही मूत्रपिंडावर ताण आणतात), हिपॅटायटिस बी लसीची नोंद असल्यास ती. जोडीदाराचं नाव किंवा लग्नाचा दाखला यांची औषध ठरवायला काहीच गरज नसते.

सगळं अडतं ते एचआयव्ही निगेटिव्ह रिपोर्टवर, आणि ते बरोबरच आहे. लागण आधीच झालेली असेल तर ही दोन औषधं उपचाराला पुरत नाहीत, उलट विषाणू त्यांना दाद देईनासा होऊ शकतो. शिवाय लागणीनंतरचे पहिले काही आठवडे चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून गेल्या महिन्यात ताप, घसादुखी, पुरळ, गळ्यात गाठी असं काही झालं असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगा. जोखमीचा संबंध गेल्या ७२ तासांत आला असेल तर प्रेप नव्हे, पेप (संबंधानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायचं औषध) लागतं. ते त्याच दिवशी मागा.

सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि हिपॅटायटिस बीची तपासणी होते. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग, मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली असेल तर ही गोळी सहसा देत नाहीत. हिपॅटायटिस बी असेल तर प्रेप मनाने बंद करू नका, यकृताचा आजार उसळू शकतो.

रोज एक गोळी. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनुसार पूर्ण संरक्षणाला गुदमार्गे संबंधात सुमारे ७ दिवस, योनीमार्गे संबंधात सुमारे २१ दिवस लागतात. गोळी नियमित घेतली तर लैंगिक संबंधातून लागण होण्याचा धोका सुमारे ९९ टक्के कमी होतो. गुप्तरोग आणि गर्भधारणा मात्र ती रोखत नाही. गोळी विसरणाऱ्यांनी दर दोन महिन्यांनी घ्यायच्या कॅबोटेग्रॅविर या प्रेपच्याच इंजेक्शनची चौकशी जरूर करावी.

पुढची चिठ्ठी साधारण तीन महिन्यांनी, पुन्हा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवल्यावरच मिळते. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी रक्त देऊन या.